घरातली कचेरी आणि दाराची कडी



व्याख्यानमालेचे चिटणीस आमंत्रण घेऊन आले तेव्हा त्यांनी विषय विचारला. मी सांगितले, "घरी बसून कचेरीचे काम करणाऱ्यांनी आपली आणि कंपनीची माहिती चोरांपासून कशी राखावी." ते क्षणभर थबकले. मग वहीत पाहून म्हणाले, "आदल्या दिवशी ज्ञानेश्वरी आहे, दुसऱ्या दिवशी दुष्काळ आहे, मधल्या दिवशी चालून जाईल." तेव्हा अध्यात्म आणि दुष्काळ यांच्यामध्ये जी थोडी मोकळी जागा उरली, तिच्यात मी आज उभा आहे. वैशाखातील हा उकाडा सोसून आपण एवढ्या संख्येने आलात, त्याअर्थी विषय अगदीच परका वाटलेला नसावा.

मी पंडित नाही. लहान कारखान्यांचे आणि पेढ्यांचे संगणक सांभाळण्याचा माझा व्यवसाय. दुरुस्तीवाल्याला लोकांच्या घरात आणि अडचणीत, दोन्हीकडे शिरावे लागते. त्यामुळे काही गोष्टी पाहिल्या आहेत. त्यांतली एक सांगण्यासाठीच मी हे आमंत्रण स्वीकारले. ती गोष्ट ज्यांची आहे त्यांची परवानगी मी घेतली आहे; नावगाव मात्र सांगणार नाही.

मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी झाली आणि एका रात्रीत कचेऱ्या घरात आल्या. हिंजवडीतून लोकांनी संगणक मोटारीच्या मागच्या बाकावर घालून घरी नेले, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल, काहींनी स्वतः नेलेही असतील. साथ ओसरली, पण तो संगणक सगळ्यांच्याच घरून परत गेला नाही. आजही आपल्या गावातल्या कितीतरी घरांत मुलगा, सून, जावई जेवणाच्या टेबलावर बसून पुण्याच्या, मुंबईच्या किंवा थेट अमेरिकेच्या कंपनीचे काम करीत आहेत. आपण कौतुकाने म्हणतो की कचेरी घरी आली. पण कचेरीबरोबर तिचा पहारेकरी आला नाही, तिची तिजोरी आली नाही आणि दाराशी ओळखपत्र तपासणारा माणूसही आला नाही. घराचे दार आपण कडी लावून बंद करतो, आणि भिंतीवरचा तो दिवे लुकलुकणारा राउटर मात्र सताड उघडा असतो.

आता ती गोष्ट. एका औद्योगिक वसाहतीत यंत्रांचे सुटे भाग बनविणारा एक कारखाना आहे. माणसे साठ-पासष्ट. त्यांचे हिशेबनीस वीस वर्षांचे जुने, अत्यंत सचोटीचे गृहस्थ. टाळेबंदीत मालकांनी त्यांना लॅपटॉप दिला आणि पुढे सवय पडून ते आठवड्यातले तीन दिवस घरूनच काम करू लागले. लॅपटॉप मीच तयार करून दिला होता. घाईचे दिवस होते, घराबाहेर पडायला बंदी होती. हिशेबनीस लहानसहान कारणासाठी फोन करतील आणि मला तिथे जाता येणार नाही, म्हणून मी त्या यंत्राची सगळी मुखत्यारी त्यांच्याच खात्याला देऊन टाकली. म्हणजे त्या लॅपटॉपवर त्यांना, आणि तो उघडा सापडेल त्या कोणालाही, वाटेल ते बसवता येईल. हा दोष माझा आहे आणि तो आधीच सांगून टाकतो.

त्यांचे चिरंजीव नववीत. खेळाचा शौक. एका दुपारी वडील वामकुक्षी घेत असताना त्याने कचेरीच्या लॅपटॉपवर एक खेळ उतरवून घेतला. विकतचा खेळ, पण कोणी तरी कुलूप तोडून फुकट वाटलेला. त्यासोबत सूचना होती की विषाणूरोधक आज्ञावली तेवढी बंद करा, नाहीतर खेळ चालणार नाही. मुलाने बंद केली. खेळ चाललाही! संध्याकाळी त्याने तो काढूनही टाकला, कारण वडील रागावतील. पण तेवढ्या तीन तासांत जे व्हायचे ते होऊन गेले होते. त्या खेळाच्या पोटात दडलेल्या लहानशा आज्ञावलीने ब्राउझरमध्ये साठवलेले सगळे पासवर्ड उचलले आणि बाहेर धाडून दिले. आपण पासवर्ड टाइप करतो तेव्हा ब्राउझर आर्जवाने विचारतो, "लक्षात ठेवू का?" आणि आपण "ठेव बाबा" म्हणतो. त्या साऱ्या होकारांची यादीच चोराच्या हाती गेली.

नुसते पासवर्डच गेले असते तर एक वेळ बरे होते. त्याबरोबर आणखी एक वस्तू गेली. आपण एखाद्या ठिकाणी एकदा ओळख पटवून आत गेलो की ते ठिकाण आपल्याला एक बिल्ला देते. पुन्हा पुन्हा पासवर्ड आणि ओटीपी विचारीत नाही. नाटकाच्या मध्यंतरात बाहेर जाताना दारावरचा माणूस हातात परतीचा पास देतो, त्यातलाच हा प्रकार. तो पास ज्याच्या हाती, त्याला आत सोडतात. त्याचे तोंड कोणी पाहत नाही. या पासाला संगणकवाले कुकी म्हणतात. चोराकडे पास असला की तुमचा ओटीपी दारातच उभा राहतो आणि चोर मागच्या रांगेत जाऊन बसतो.

यानंतर दोन महिने काहीही झाले नाही. ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. आपली कल्पना अशी असते की चोर आला की भांडी पडतील. इथे चोर शांतपणे हिशेबनिसांचा पत्रव्यवहार वाचीत बसला होता. कोणाकडून माल येतो, बिल कोणत्या सुमारास येते, पैसे किती दिवसांनी जातात, पत्रात "आदरणीय" लिहितात की नुसते "सर", हे सगळे त्याने पाहून घेतले. टपालपेटीत त्याने एक नियमही लिहून ठेवला की कोइमतूरच्या एका पुरवठादाराकडून येणारे पत्र आल्याबरोबर एका कोपऱ्यातल्या कप्प्यात जावे आणि वाचलेले म्हणून नोंदले जावे. हिशेबनिसांना ते दिसणारच नाही. मग एका गुरुवारी त्या पुरवठादाराचे बिल आले. तेच कागद, तोच शिक्का, तीच रक्कम: अकरा लाख चाळीस हजार. फक्त खाली बँकेचा खातेक्रमांक निराळा, आणि सोबत दोन ओळी की आमच्या जुन्या खात्याची तपासणी चालू आहे, सबब यापुढे या खात्यावर पाठवावे. हिशेबनिसांनी पाठवले.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी, त्यांना दुसऱ्याच कामासाठी कोइमतूरला फोन करावा लागला. बोलता बोलता त्यांनी विचारले की तुमची खात्याची तपासणी झाली का? पलीकडचा म्हणाला, कसली तपासणी?

मंडळी, त्या क्षणापासून पुढच्या अडीच दिवसांत जे घडले, त्याला मी खरी दुर्घटना म्हणतो. चोरी झाली ती झाली. पण हिशेबनिसांनी ही गोष्ट कोणालाही सांगितली नाही. मालकांना नाही, मला नाही, घरी नाही. शनिवारी ते बँकेच्या दारापर्यंत जाऊन परत आले. त्या महिन्यातला तो दुसरा शनिवार, बँक बंद. रविवारी ते जेवले नाहीत. वीस वर्षांचा लौकिक, दोन वर्षांवर आलेली निवृत्ती, आणि मनात एकच विचार की मालक म्हणतील, याचाच हात असेल. सोमवारी सकाळी ते मालकांच्या खोलीत गेले आणि उभ्याउभ्याच रडू लागले. तोवर ते पैसे चार-पाच खात्यांतून फिरून निघून गेले होते. एका खात्यात एक लाख साठ हजार अडकवता आले, तेवढेच हाती लागले.

त्यांना ठाऊक नव्हते, आणि त्या दिवशी मालकांनाही नव्हते, की अशा वेळी लावायचा एक क्रमांक आहे: १९३०. केंद्र सरकारने चालविलेला हा मदतक्रमांक आर्थिक सायबर फसवणुकीसाठीच आहे. तिथे तक्रार नोंदली की ती संबंधित बँकांकडे जाते, आणि पैसे ज्या खात्यात असतील तिथे ते रोखून धरण्याचा प्रयत्न होतो. बँक बंद असली म्हणून या क्रमांकाला सुट्टी नसते. पण हा उपाय पहिल्या काही तासांचा आहे. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, आणि शेवटी यंत्रातून रोख होऊन निघाला की मग तक्रारीचा कागद तेवढा उरतो. शुक्रवारी संध्याकाळी फोन गेला असता तर सगळे पैसे वाचले असते असे छातीठोकपणे मी सांगू शकत नाही. पण एक लाख साठ हजारांपेक्षा अधिक वाचण्याची आशा नक्कीच होती.

कोणी म्हणेल, हे लहान गावचे, लहान माणसांचे अज्ञान. तसे मुळीच नाही. अमेरिकेत लास्टपास नावाची कंपनी आहे. तिचा धंदाच मुळी लोकांचे पासवर्ड तिजोरीत सांभाळण्याचा. २०२२ मध्ये तिच्याकडे चोरी झाली. कंपनीच्या अत्यंत महत्त्वाच्या किल्ल्या अवघ्या चार अभियंत्यांकडे होत्या. चोरांनी कंपनीचा तट चढण्याचा खटाटोप केला नाही. त्या चौघांपैकी एकाच्या घरच्या संगणकावर ते गेले. त्या संगणकावर सिनेमे आणि गाणी लावण्याची एक आज्ञावली होती. तिच्यातले छिद्र बुजविणारी नवी आवृत्ती २०२० सालीच निघाली होती, पण या गृहस्थांनी ती बसवलीच नव्हती. त्या छिद्रातून चोरांनी कळपाटीवर पहारा बसवला, म्हणजे बोटे जी जी अक्षरे दाबतील ती त्यांना दिसू लागली, आणि अभियंत्याने आपला मुख्य पासवर्ड टाइप करताच तो त्यांच्याकडे गेला. आता सांगा, आमच्या हिशेबनिसांच्या चिरंजीवाचा खेळ आणि या थोर अभियंत्याचा सिनेमा यांत फरक काय? दोघांच्याही घरी करमणूक आणि कचेरी एकाच पाटावर जेवायला बसली होती.

दुसरे उदाहरण ट्विटरचे. १५ जुलै २०२० या दिवशी ओबामा, बायडन, बिल गेट्स, ईलॉन मस्क अशा बड्या बड्या मंडळींच्या खात्यांवरून एकाएकी संदेश निघाले की आम्हाला बिटकॉइन पाठवा, आम्ही दुप्पट करून परत देऊ. आपल्याकडे दागिने दुप्पट करून देणारे साधू येतात, त्याच घराण्यातला हा मंत्र. चौकशीत जे बाहेर आले ते आपल्या विषयाला नेमके लागू आहे. ट्विटरचे नोकर साथीमुळे घरून काम करीत होते. घरून कचेरीत शिरण्यासाठी व्हीपीएन नावाची खाजगी वाट वापरावी लागते आणि ती वरचेवर बिघडते, हे चोरांना माहीत होते. त्यांनी नोकरांना फोन केले: "मी आपल्या मदतकक्षातून बोलतो आहे. तुमच्या व्हीपीएनची तक्रार आली होती ना?" तक्रार तर सगळ्यांचीच होती! मग त्यांनी हुबेहूब कंपनीसारखे दिसणारे खोटे पान उघडायला सांगितले. नोकर त्या खोट्या पानावर पासवर्ड लिहीत होता, आणि चोर तोच पासवर्ड त्याच क्षणी खऱ्या पानावर लिहीत होता. खऱ्या पानाने नोकराच्या फोनवर विचारले, "तुम्हीच का?" आणि काहींनी उत्तर दिले, "हो, मीच." या साऱ्याचा सूत्रधार म्हणून पकडला गेला तो फ्लोरिडातला सतरा वर्षांचा मुलगा.

म्हणजे हॅकर म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे काळी टोपी घातलेला, हिरव्या आकड्यांच्या पावसात बसलेला जो अवलिया उभा राहतो, तो पुष्कळसा सिनेमावाल्यांचा आहे. खरा हॅकर बहुधा नुसता फोन करतो. आवाज सभ्य असतो. तो आपल्याला घाई करतो किंवा मदत करतो. घाई आणि मदत, या दोन वेषांतच तो येतो.

आता पासवर्डाविषयी. याला आपल्याकडे परवलीचा शब्द हे फार सुंदर नाव आहे. संगणकाला परवलीचा शब्द पहिल्यांदा लावला तो अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत, १९६१ च्या सुमारास, फर्नांडो कोर्बातो यांच्या यंत्रणेत. एकच संगणक अनेकांनी वाटून वापरायचा होता, म्हणून प्रत्येकाला निराळा शब्द. आणि गंमत अशी की १९६२ सालीच त्याची पहिली चोरीही झाली. ॲलन शेर नावाच्या विद्यार्थ्याला आठवड्याला मिळणारे चार तास पुरेनात. त्याने एक पंच केलेले कार्ड यंत्राला देऊन सगळ्यांच्या शब्दांची यादीच छापून घेतली. सुमारे पंचवीस वर्षांनी त्याने हे कबूल केले. चोराची भूक त्या वेळी यंत्राच्या चार तासांपुरती होती, एवढाच काय तो फरक.

मग पासवर्ड कसा असावा? पूर्वी आम्ही मंडळीच सांगत होतो की त्यात एक मोठे अक्षर, एक आकडा, एक चिन्ह घाला आणि दर तीन महिन्यांनी बदला. लोकांनी काय केले? शेवटी एक होता तिथे दोन केला आणि चिठ्ठी पडद्याला चिकटवली. ज्या अमेरिकी संस्थेने हा उपदेश २००३ साली लिहिला, तिनेच तो २०१७ मध्ये मागे घेतला, आणि तो लिहिणारे बिल बर यांनी तर आपल्याला त्याचा पश्चात्ताप होतो असे जाहीरपणे सांगितले. विद्वानाने पश्चात्ताप व्यक्त करावा ही घटना इतकी दुर्मिळ आहे की तेवढ्यासाठी तरी त्यांचा सत्कार व्हावा. आज सांगितले जाते ते असे: शब्द लांब असू द्या, चार-पाच असंबद्ध शब्दांची साखळी चालेल, आणि मुख्य म्हणजे एका दाराचा शब्द दुसऱ्या दाराला लावू नका. कारण किराणा मागविण्याच्या कुठल्याशा संस्थेकडून यादी फुटली की चोर तीच किल्ली बँकेच्या आणि कचेरीच्या कुलपाला लावून पाहतो. २०२१ च्या मे महिन्यात अमेरिकेची कलोनिअल पाइपलाइन, म्हणजे त्यांच्या पूर्व किनाऱ्याची इंधनवाहिनी, काही दिवस बंद पडली, पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या आणि कंपनीने ७५ बिटकॉइनची खंडणी मोजली. चोर शिरले होते ते व्हीपीएनच्या एका जुन्या, वापरात नसलेल्या खात्यातून. नोकर ते दार विसरला होता, कंपनी विसरली होती, आणि त्याला पासवर्डाखेरीज दुसरी कडी नव्हती.

एवढे सगळे शब्द माणसाच्या लक्षात राहणार नाहीत, हे उघड आहे. त्यासाठी पासवर्ड सांभाळणारी चांगली आज्ञावली वापरा. मघाशी मी लास्टपासची फजिती सांगितली आणि आता तिच्याच जातीच्या वस्तूची शिफारस करतो आहे, हे आपल्या लक्षात आले असेल. पण बँकेवर दरोडा पडतो म्हणून आपण पैसे पुन्हा गादीखाली ठेवीत नाही. तिजोरीचा मुख्य शब्द मात्र लांबलचक आणि कुठेही न वापरलेला असावा. ज्यांना हेही जमत नसेल, त्या ज्येष्ठ मंडळींनी घरच्या कपाटात कुलपाआड एक वही ठेवली तरी माझी हरकत नाही. बाहेरदेशीचा चोर आपल्या कपाटापर्यंत येत नाही.

दुसरी कडी म्हणजे ओटीपी किंवा फोनवरचा होकार. ती हवीच, पण ट्विटरच्या प्रकरणात आपण पाहिले की खोट्या पानापुढे तीही निसटते. सप्टेंबर २०२२ मध्ये उबरच्या एका कंत्राटी माणसाला चोराने एकामागून एक इतके होकार मागितले की शेवटी तो कंटाळून "हो" म्हणाला. यावर आज सर्वांत पक्का उपाय आहे तो पासकी किंवा खिशातल्या किल्लीएवढी सुरक्षा-किल्ली. तिचे मर्म असे की ती माणसासारखी पानाच्या रूपाला भुलत नाही. ती पानाचा खरा पत्ता पाहते आणि पत्ता जुळला नाही तर मुकाट्याने गप्प बसते. गूगलने २०१७ पासून आपल्या नोकरांना अशी किल्ली सक्तीची केली. त्यानंतर पंच्याऐंशी हजारांहून अधिक नोकरांपैकी एकाचेही कामाचे खाते असल्या फसवणुकीने गेले नाही, असे कंपनीने २०१८ मध्ये सांगितले होते. ज्याला घरून कचेरीचा पैसा हलवावा लागतो, त्याला मालकाने ही किल्ली घेऊन द्यावी. अकरा लाख चाळीस हजारांच्या मानाने तिची किंमत काहीच नाही.

राउटरविषयी थोडक्यात. तो घेतला त्या दिवशी त्याच्यासोबत कारखान्याने दिलेला जो शब्द होता, तोच आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी आजही असेल. २०१६ मध्ये मिराय नावाच्या आज्ञावलीने कारखान्याच्या अशा साठेक शब्दांची यादी घेऊन जगभरातले लाखो राउटर आणि कॅमेरे काबीज केले. तेव्हा उद्या सकाळी तो शब्द बदला, त्याची आज्ञावली अद्ययावत करा, आणि पाहुण्यांसाठी, मुलांच्या खेळांसाठी, बोलक्या टीव्हीसाठी निराळे वायफाय ठेवा. जवळजवळ सगळ्या राउटरांत ही सोय असते. स्टेशनवरच्या फुकट वायफायवर कचेरीचे काम करावेच लागले तर कंपनीच्या व्हीपीएनमधून करा, किंवा आपल्या फोनचेच इंटरनेट वापरा.

पत्र दुसऱ्याच्या हातून जाणार असेल तर ते गुप्त भाषेत लिहावे, ही अक्कल आपल्याला नवी नाही. पानिपताची बातमी नानासाहेब पेशव्यांना कळली ती सावकारी पत्रातून, आणि त्या पत्रात माणसांची नावे नव्हती. मोती, मोहरा आणि खुर्दा यांच्या भाषेत तो सारा संहार लिहिलेला होता. व्हीपीएन तेच करतो. पण एक लक्षात घ्या: त्या पत्राची भाषा कितीही गूढ असो, वाचणाऱ्याच्या खांद्यावरून कोणी वाचीत असेल तर काय उपयोग? आमच्या शेजारी एक हुशार मुलगी विमा कंपनीचे काम करते. तिची यंत्रणा निर्दोष आहे, पण फोनला रेंज मिळत नाही म्हणून ती गॅलरीत उभी राहून बोलते. त्यामुळे कोणत्या ग्राहकाला कोणता आजार आहे हे आमच्या आळीला पाठ झाले आहे.

माहितीची प्रत काढून ठेवावी, हे सगळेच सांगतात. ती कशी असावी हे एका गोष्टीवरून सांगतो. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाची विध्वंसक आज्ञावली युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून पसरली आणि मर्स्क या प्रचंड जहाज कंपनीचे संगणक जगभर बंद पडले. आपल्या न्हावाशेवा बंदरात त्या समूहाच्या टर्मिनलचे काम अडले. कंपनीला पुढे पंचेचाळीस हजार संगणक आणि चार हजार सर्व्हर नव्याने उभे करावे लागले. कोण कोणत्या खोलीत जाऊ शकतो याची जी मुख्य नोंदवही असते, तिच्या शे-दीडशे प्रती जगभर होत्या. त्या सगळ्या एकमेकींशी जोडलेल्या, म्हणून सगळ्या एकदमच पुसल्या गेल्या. वाचली फक्त एक, घाना देशातली. का? तर त्या वेळी तिथली वीज गेली होती. जगाच्या इतिहासात वीजमंडळाचे आभार मानण्याचा हा पहिलाच प्रसंग असावा! तेव्हा प्रत ठेवायची ती जोडलेली नको, तोडलेली हवी. कामापुरती जोडावी, आणि मग सुटी करून कपाटात ठेवावी.

पण मी पुन्हा त्या शनिवार-रविवारकडे येतो, कारण माझे मन तिथेच अडकले आहे. कायदे झाले आहेत. सर्ट-इन या सरकारी संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये आदेश काढला की अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवा. २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि माहिती राखण्यात हयगय करणाऱ्या संस्थेला अडीचशे कोटींपर्यंत दंड त्यात सांगितला आहे. ठीक आहे. पण सहा तास कोण मोजणार? ज्याला ते प्रथम कळते तो असतो घरात एकटा बसलेला नोकर. कचेरीत असता तर शेजारच्या टेबलाला म्हणाला असता, "अहो, हे बिल जरा विचित्र वाटते, बघता का?" घरी शेजारचे टेबल नाही. घरून काम करण्यातला मोठा धोका मला विचाराल तर वायफाय नव्हे, हा एकटेपणा आहे. आणि त्या एकट्या माणसाला भीती चोराची नसते, मालकाची असते.

मी पुष्कळ मालक पाहतो. ते नोकराला स्वतःचाच फोन, स्वतःचाच लॅपटॉप वापरायला लावतात, त्याचा छदाम देत नाहीत, आणि चूक झाली की म्हणतात, "तुमच्या निष्काळजीपणाने झाले, पगारातून कापू." असल्या कारखान्यात पुढची चूक कोणीही सांगणार नाही. ती मालकाला चोराकडूनच कळेल.

या कारखान्याच्या मालकांनी तसे केले नाही. पहिल्या दिवशी ते संतापले, तो त्यांचा अधिकारच होता. पण आठ दिवसांनी त्यांनी आम्हा तिघांना, म्हणजे हिशेबनिसांना, मला आणि वसुली पाहणाऱ्या बाईंना, बोलावून विचारले की आता काय बदलायचे. मी सर्वांत आधी माझी चूक सांगितली आणि लॅपटॉपची मुखत्यारी काढून घेतली. मुलासाठी घरात जुना संगणक निराळा ठेवला. टपालपेटीतले नियम दर महिन्याला तपासायचे ठरले. कोणाही पुरवठादाराचा खातेक्रमांक बदलला, तर पत्रातल्या फोनवर नव्हे, आपल्या जुन्या वहीतल्या फोनवर स्वतः बोलून खात्री करायची, आणि मगच दुसऱ्या माणसाच्या सहीने पैसे सोडायचे. हे शेवटचे कलम बाईंनी सुचविले. त्याला संगणकाचे ज्ञान लागत नाही, आणि खरे पाहता तेवढे एक कलम आधी असते तर बाकीचे सगळे फसूनही पैसे गेले नसते. कारखान्याच्या आणि प्रत्येकाच्या घरच्या लॅपटॉपवर १९३० आणि मालकांचा स्वतःचा क्रमांक अशी पट्टी चिकटवली. खाली मालकांनी हाताने लिहिले: "रात्री कितीही वाजता."

हिशेबनीस त्या कारखान्यातच आहेत. निवृत्तीचे वर्ष मालकांनी पुढे ढकलले. मागच्या महिन्यात रात्री पावणेबाराला त्यांचा मला फोन आला. बँकेच्या नावाचे एक पत्र आले होते आणि त्यांना पत्त्याचा संशय आला होता. रिझर्व्ह बँकेने बँकांना आपल्या संकेतस्थळांच्या पत्त्याच्या शेवटी 'डॉट बँक डॉट इन' घ्यायला लावले आहे, हे मी त्यांना कधी तरी सांगितले होते. ते त्यांनी अक्षर अक्षर लावून पाहिले होते. पत्ता बरोबर निघाला, पत्र खरेच बँकेचे होते. ते ओशाळून म्हणाले, "तुमची झोपमोड केली." त्याआधी त्यांनी मालकांनाही उठवले होते. मालकांनी सगळे ऐकून घेतले, "बरे केलेत" म्हणाले आणि पुन्हा झोपले.